भिंतीची आतली बाजू

मी, संयोगिता पृथ्वीराज साळोखे, वय वर्षे बाहत्तर, धंदा जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. आजवरच्या प्रत्येक दस्तात माझा धंदा 'घरकाम' असा लिहिला गेला. हा शेवटचा दस्त आहे, म्हणून एवढी दुरुस्ती करून घेते.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे आमच्या डॉक्टर आदिती मगदूम म्हणाल्या आणि तसा दाखला त्यांनी सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दाब नाही. उलट गेली कित्येक वर्षे मीच लोकांवर दाब आणते आहे आणि त्याचा उपयोग शून्य झाला आहे. वकिलांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात घर, जमीन, दागिने, ठेवी सगळ्यांना जागा होती, रागाला नव्हती. म्हणून नमुना बाजूला ठेवून माझ्या पद्धतीने लिहीत आहे.

कलम १. माझे पती पृथ्वीराज सहा वर्षांपूर्वी वारले. मला एकुलता एक मुलगा, राजवर्धन, पुण्यात नोकरीला असतो. माझ्या कोडोलीच्या भावाची मुलगी क्रांती इंजिनिअर आहे आणि बारा वर्षे माझ्याबरोबर हेच दगडदुरुस्तीचे काम करते. या दोघांखेरीज माझ्या मिळकतीवर हक्क सांगणारे कोणी नाही. सल्ला देणारे पुष्कळ आहेत.

कलम २. राहते घर माझ्यामागे राजवर्धनचे. तो ते विकणार हे मला माहीत आहे आणि माझी हरकत नाही. त्याने आईला कधी उलट उत्तर दिले नाही. एकदाच, मी समोरच्या भिंतीवरून चिडले असताना, फोनवर म्हणाला, "आई, वॉटरप्रूफिंगचा एक कोट मार आणि विषय संपव." शिवाय पुण्याहून एक डबा पाठवून दिला. तो डबा माळ्यावर न उघडता पडून आहे. घराबरोबर तोही त्याचाच. जो दगड आतून भिजतो आहे त्याला बाहेरून रेनकोट घालायचा नसतो, एवढे त्याने घर विकताना तरी आठवावे.

कलम ३. दागिने सूनबाईंना. कारण त्यांनी ते कधी मागितले नाहीत.

कलम ४. माझी हत्यारे, म्हणजे छिन्न्या, हातोड्या, थाप्या, ओळंबे आणि चाळण्या, क्रांतीची. कोडोलीत भावाच्या रानात चुन्याचा जो हौद आहे तोही क्रांतीचा. भिजवलेला चुना जितका जुना मुरेल तितका चांगला, आणि हा पुष्कळ मुरला आहे. त्यावर कायम चार बोटे पाणी ठेवावे. भावाने एकदा त्यात म्हैस धुवायची बादली बुडवली होती. त्यानंतर मी त्याच्याशी दोन दिवाळ्या बोलले नाही आणि अजूनही मला त्यात माझी काही चूक दिसत नाही. क्रांतीला कामाचे वेगळे सांगायची गरज नाही, तरी सांगते. नवा तुकडा बसवताना दगड खाणीत जसा आडवा होता तसाच भिंतीत आडवा बसव. गवंडी घाईत उभा लावतात आणि पाच वर्षांत त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात. गवंड्यांवर ओरडायला लाजू नकोस. मी लाजले नाही, म्हणून माझ्या भिंती उभ्या आहेत. एक सोडून.

कलम ५. ती एक भिंत म्हणजे आमच्या घरासमोरच्या चंद्रसेन तालमीची दर्शनी भिंत. पुढची सगळी कलमे तिच्याबद्दलच आहेत, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

कोल्हापूर काळ्या दगडाचे गाव. ही भिंत तेवढी तांबूस वालुकाश्माची, म्हणजे वाळूचे थर साठून झालेल्या दगडाची. असे सांगतात की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या तालमीच्या एका पैलवानाने बदामीकडे कुस्ती मारली. तिथल्या जमीनदाराने खूश होऊन काय हवे विचारले, तर याने चांदीची गदा न मागता तालमीसाठी दगड मागितला. मग बैलगाड्या येत राहिल्या. खरे-खोटे मारुतीला ठाऊक. मला तो पैलवान आवडतो, कारण तालमीच्या इतिहासात या दगडाची काळजी करणारा तो पहिला पुरुष आणि शेवटचाही.

हा दगड पाणी पितो आणि सोडतो. सोडायला त्याला वाट लागते. दगडांच्या सांध्यांत भरलेल्या चुन्याच्या दरजा ती वाट देतात, सिमेंट ती बंद करते. वाट बंद झाली की पाणी दगडाच्या अंगातूनच बाहेर येते, येताना क्षार आणते, ते कातडीखाली फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. एवढेच शास्त्र आहे, आणि ते मी तालमीच्या चार अध्यक्षांना समजावले. चौघांनीही मला चहा पाजला.

दरजांमधले सिमेंट मी स्वतः उकरून काढले, बारीक छिन्नीने, कडा न दुखावता. चुन्यात त्याच जातीच्या दगडाची पूड मिसळून दरजा भरल्या, वर ओले बारदान बांधून पंधरा-पंधरा दिवस भिजवल्या. जिथे दगड पार गेला होता तिथे नवे तुकडे बसवले. दाराच्या उजवीकडची बाजू आजही बघून घ्या. डावीकडे मात्र कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा तीन वेळा दुरुस्त केला आणि तीन वेळा गळून पडला. माझा चुना तोच, हात तोच, दगड तोच. मग फरक कशाचा, हे मला बाहेरून दिसेना, आणि आत जाऊन बघायची सोय नव्हती. चंद्रसेन तालमीत बाईमाणसाने उंबरा ओलांडायचा नाही असा नियम आहे. मी ती भिंत इंचाइंचाने ओळखते. तिची फक्त एक बाजू मी पाहिली आहे.

ओल कुठून येते हे लोकांनी आपापल्या परीने ठरवून टाकले. २०१९ नंतर सगळे म्हणू लागले, महापुराची ओल आहे. तालमीच्या पायरीला महापुराचे पाणी शिवलेसुद्धा नव्हते. हे मी खिडकीतून पाहिले आहे आणि सांगणाऱ्यांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, तरी महापूरच.

कलम ६. तालमीच्या फुटबॉल संघाबद्दल. मी चंद्रसेनचीच आहे. जांभळा-पांढरा झेंडा आमच्याही गच्चीवर लागतो आणि गोल झाल्यावर खिडकीतून ओरडणारी म्हातारी म्हणून पेठ मला ओळखते. पण दर हंगामाच्या तोंडावर ही पोरे त्या दगडाला जांभळा ऑईलपेंट फासतात. एका वर्षी मी आणि क्रांतीने एप्रिलच्या उन्हात महिनाभर बसून तो रंग उतरवला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोरे थंड सरबत घेऊन आली. मला वाटले पश्चात्ताप झाला. एकजण म्हणाला, "लई उपकार झालं, आज्जी. जुना कलर निघाला न्हवता म्हणून नवा नीट बसत न्हवता."

त्यांना मी माफ केलेले नाही. संघ अंतिम सामना जिंकला तर विचार करावा, असे क्रांतीला सांगून ठेवते.

कलम ७. आता मुख्य गोष्ट. माझे सासरे हंबीरराव या तालमीचे मोठे मल्ल. ते गेल्यावर माझ्या पतींनी, जे तेव्हा तालमीचे सेक्रेटरी होते, वडिलांच्या स्मरणार्थ तालमीत न्हाणीघर बांधून दिले. टाकी, नळ, गुलाबी फरशी, वर नावाची पाटी. उद्घाटनाचे पेढे मी वाटले, उंबऱ्याबाहेर उभी राहून. न्हाणीघर आत नेमके कुठे बांधले हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. न्हाणीघर कुठे आहे हे सुनेने कशाला विचारायचे?

डावा पट्टा तिसऱ्यांदा गळाला ते दिवस मे महिन्याचे होते. सकाळी भिंत ओली, दुपारी पांढरी. भर उन्हाळ्यात. मी जाऊन दगडाला नाक लावले. साबणाचा वास आला. आंघोळीच्या साबणाचा, स्वच्छ, ओळखू येण्यासारखा.

घरी येऊन ह्यांना म्हटले, "तुमचं न्हाणीघर माझ्या भिंतीला लागून आहे. आतून सिमेंटचा गिलावा, वर फरशी. पाण्याला आत वाट नाही, म्हणून ते माझ्या बाजूने येतंय."

ह्यांनी पेपर खाली ठेवला नाही. म्हणाले, "तू कधी आत आल्तीस का?"

भांडण तिथेच संपले. या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही, ते इथे देते. नाही आले. तुम्ही येऊ देत नाही म्हणून नाही आले. आणि येऊ दिले नाही म्हणून मला कळत नाही, असे तुम्ही धरून चाललात.

माझे पती चांगले होते. त्यांनी माझ्या कामाला कधी आडकाठी केली नाही, शिडी धरायला स्वतः येत. बाकीची सगळी भांडणे किरकोळ, दोन दिवसांत मिटलेली. हे एक तसेच राहिले आणि ते गेले. इतकी वर्षे आम्ही नवरा-बायको एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होतो. त्यांनी वडिलांच्या मायेपोटी ती आतून भिजवली, मी बाहेरून सुकवत बसले.

ते गेल्यावर मी तालमीचे वस्ताद ज्ञानू पोवार यांच्याकडे गेले. वस्ताद ऐंशीच्या पुढचे, माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांना म्हटले, न्हाणीघर पाडा, परसात नवे बांधा, खर्च मी देते. ते म्हणाले, "वैनी, आत सगळं ब्येस हाय की. फरशी बगा कशी चकचकीत हाय." मी म्हटले, "बघायला येऊ का?" तर त्यांनी चहा मागवला. मग म्हणाले, "हंबीररावांनी मला कुस्तीची लांग नेसायला शिकिवली. त्येंच्या नावाच्या न्हाणीवर मी पहार घालू व्हय?"

या उत्तरापुढे कोणाचे काय चालणार? सहा वर्षांत सहा वेळा गेले. दर वेळी हेच उत्तर आणि दर वेळी चहा. मी आता चहासुद्धा सोडला आहे.

तरी या कलमान्वये, हंबीररावांची सून आणि पृथ्वीराज यांची पत्नी या नात्याने, मी लेखी जाहीर करते की सदर न्हाणीघर पाडण्यास माझी पूर्ण संमती आहे. त्याने माझ्या सासऱ्यांचा अपमान होत नाही. ते तालमीसाठी जगले, फरशीसाठी नाही. राजवर्धनने याला हरकत घेऊ नये. घेतली तर कलम २ मधला डबा सोडून त्याला काही मिळणार नाही.

कलम ८. माझ्या नावावरची बँकेतली मुदत ठेव मी माझ्या मृत्यूनंतर चंद्रसेन तालमीस देते, ती केवळ पुढील कामासाठी. परसात, दर्शनी भिंतीपासून दूर, नवे न्हाणीघर बांधावे आणि त्यावर सासऱ्यांच्या नावाची तीच पाटी लावावी. जुने न्हाणीघर पाडून भिंतीच्या आतल्या बाजूचा सगळा सिमेंटचा गिलावा काढावा. भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी सुकू द्यावी, मगच चुन्याचे काम करावे.

अट एकच. गिलावा काढण्याचे काम क्रांती करील, आणि त्यासाठी ती तालमीच्या मोठ्या दाराने आत जाईल. मागच्या बोळातून नाही, रात्री कोणी नसताना नाही. ही अट मान्य नसेल तर ठेव क्रांतीची. मग तिने त्या भिंतीला पुन्हा हात लावू नये. बाहेरून लावलेला चुना फुकट जातो हे मी एका आयुष्यात सिद्ध केले आहे. दुसरे आयुष्य त्यात घालवायला नको.

कलम ९. माझ्या नावाची पाटी कुठेही लावू नये. पाटीसाठी भिंतीला चार भोके पाडावी लागतात.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्रांतीने करावी. तिला माझा स्वभाव माहीत आहे, आणि माझ्यामागे थोडा तिलाही लागू शकेल.

पुरवणी. वरील मजकूर मी काल, रविवारी लिहून पुरा केला आणि सहीसाठी दोन्ही साक्षीदारांना घरी बोलावले. डॉ. आदिती शेजारच्याच. दुसरे साक्षीदार म्हणून मी मुद्दाम ज्ञानू वस्तादांना बोलावले होते, कारण माझ्यामागे ज्यांनी अडवायचे त्यांचीच सही कागदावर असलेली बरी.

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना पाहायचे असते. वस्तादांना हे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट फिरवत पहिल्या शब्दापासून सगळे वाचले. चहाच्या वाक्यांवरही बोट फिरले. कलम सातच्या शेवटी थांबले.

"ह्ये तुमी खरंच लिवलंय व्हय, वैनी?"

"वाचताय ना तुम्ही?"

"न्हाय, आजपातूर मला वाटायचं तुमी रागानं म्हणता. सासऱ्यावर न्हायतर सेक्रेटरीवर राग आसंल, आनि मी पाडून बसलो तर उद्या राजवर्धन येऊन इचारंल, माज्या आज्ज्याचं नाव कुनी पुसलं. कागदावर न्हवतं दिलं तुमी कदी."

"कागद हवा होता तर मागायचा होता, वस्ताद. सहा वर्षं येतेय मी."

"सुनंकडनं आसला कागद कोन मागतंय?"

मला संताप आला. एका कागदासाठी. भिंत गळत राहिली, मी नाक लावून दगड हुंगत राहिले, आणि या माणसाला फक्त एक कागद हवा होता, तो मागायला भीड वाटत होती म्हणून. मी म्हटले, "आता मिळाला ना? करा सही."

"हितं न्हाय करनार," वस्ताद म्हणाले. "भित्तीम्होरं करतो. सकाळी पोरं घरला गेली की या."

"कोण या?"

"तुमीच की. आनि कोन?"

"आणि तुमचा नियम?"

"चपला भायर काढा, कुस्तीच्या हौद्यात पाय घालू नगा. मारुतीला मी सांगतो. जल्मभर मी त्येचं ऐकलंय, एक दिस त्यो माजं ऐकंल."

म्हणून हा मजकूर मी आज, सोमवारी सकाळी, तालमीत स्टुलावर बसून लिहीत आहे. कायद्याने दोन्ही साक्षीदारांसमोर सही व्हायला हवी, म्हणून डॉ. आदितींनाही आत यावे लागले, आणि माझा हात धरायला क्रांतीलाही. आम्ही तिघी मोठ्या दाराने आलो. आत काय आहे? लाल मातीचा हौदा, तेलाचा वास, मारुती, आणि दाराच्या लगेच डावीकडे, कमरेपासून खांद्यापर्यंत, न्हाणीघराची गुलाबी फरशी. बस्स. एवढेच मला बघू दिले जात नव्हते.

वस्ताद म्हणाले, एक फरशी काढून बगा. क्रांतीने कडेला छिन्नी लावली. हातोडी उचलावी लागली नाही, फरशी गिलाव्यासकट तिच्या हातात आली. मागे दगड नव्हता. ओली तांबडी वाळू होती. ओंजळभर वाळू तिच्या पायांवर सांडली.

माझे म्हणणे बरोबर निघाले. बरोबर असल्याचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि रडूही आले, ते मी पुसलेले नाही. वस्तादांनी खाली वाकून चिमूटभर वाळू उचलली, नाकाशी नेली.

"साबन," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतः जाऊन न्हाणीघराच्या नळाची चावी बंद केली.

क्रांतीने आत बोट घालून, मग छिन्नी घालून पाहिले. ती म्हणते, दगडाची अर्धी जाडी अजून शाबूत आहे. अर्ध्या जाडीवर भिंत वाचते, मी अशा वाचवल्या आहेत. मात्र तिला आणखी एक पावसाळा आंघोळीच्या पाण्यात काढता येणार नाही, आणि मी कधी मरेन याचा काही भरवसा नाही.

सबब, कलम ८ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द मी आज साक्षीदारांसमक्ष खोडले आहेत व शेजारी सही केली आहे. ठेव उद्या मोडायची आहे. काम सुरू झाले आहे.

लिहून देणार : संयोगिता पृथ्वीराज साळोखे (सही)

आम्ही दोघांनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत होताना पाहिली.

साक्षीदार :
१. डॉ. आदिती पारस मगदूम (सही)
२. ज्ञानदेव तुकाराम पोवार, वस्ताद (सही)

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

ठिकाण : चंद्रसेन तालीम, दर्शनी भिंतीची आतली बाजू, शिवाजी पेठ, कोल्हापूर